मिरगाचा पहिला पाऊस, गटाराचं तोंड आणि सहा बाटल्या

मळ्याची_मास्तरीण
८ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. काल दुपारी पणजीत मिरगाचा पहिला खरा पाऊस पडला. आमच्या मळा या वाड्यातलं गटार रुआ दे ओरेंच्या खाडीत जिथे पडतं, तिथे मी छत्री आणि सहा रिकाम्या बाटल्या घेऊन उभी राहिले. दर दहा मिनिटांनी एक बाटली भरली. शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना पुस्तकातला गढूळपणा किती वर्षं दाखवायचा, म्हणून हा खटाटोप.

पहिली बाटली कोऱ्या चहासारखी. दुसरी त्याहून दाट. तिसरी काळी, उजेडासमोर धरली तरी पलीकडचं बोट दिसेना. चौथीत त्या काळ्यावर कुणी दूध ओतावं तसा राखट रंग. पाचवी आणि सहावी तांबूस, आणि बऱ्याच नितळ. रात्रभर स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीने ठेवल्या. सकाळी तिसरीच्या तळाशी दोन बोटं गाळ, वर तेलाचा पातळ सप्तरंगी पापुद्रा. गाळ चिमटीत घेऊन चोळला तर कचकच अजिबात नाही, काजळासारखा मऊ. हात साबणाने तीनदा धुतला तरी नखांच्या कडा काळ्याच.

सगळ्या बाटल्यांत हळदीचा कागद बुडवून पाहिला (पाण्यात चुन्या-साबणासारखं अल्कधर्मी काही असलं की तो लाल होतो). चौथीत तो लालभडक झाला, बाकी पाचांत पिवळाच राहिला.

वाड्यावरच्या बहुतेकांना वाटतं की हे पाणी टोंकच्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पात जातं. ते जातं संडास-न्हाणीचं. पावसाळी गटार वेगळं, ते थेट खाडीला मिळतं आणि खाडी मांडवीला. मध्ये ना जाळी, ना टाकी.

जाणकारांना माझे प्रश्न: पहिली बाटली सर्वांत घाण असायला हवी होती, तिसरी का निघाली? चौथी पांढरी का? आणि एखाद्या पावसाचं पाणी किती घाण वाहून नेणार, हे मुळात कशावर ठरतं?

---

जलरेषा
८ जून, रात्री ११:१५

बाई, फार मोलाचं काम केलंत. मी पुण्यात पावसाळी वाहिन्यांचे आराखडे करते, माहेर पेडण्याचं.

आधी तिसरी बाटली. पहिल्या दहा मिनिटांत गटाराच्या तोंडाशी पोचतं ते जवळच्या घरांच्या छपरांचं आणि अंगणांचं पाणी. मोठ्या रस्त्याचं पाणी लांबून येतं, त्याला वेळ लागतो. म्हणजे तुमची तिसरी बाटली ही रस्त्याची पहिली बाटली. एखाद्या छोट्या पार्किंगच्या कडेला उभ्या राहिला असतात तर पहिलीच सर्वांत काळी निघाली असती. क्षेत्र मोठं आणि फाटे अनेक असले की एका गल्लीचं पहिलं पाणी दुसऱ्या गल्लीच्या विसाव्या मिनिटाच्या पाण्यात मिसळतं, आणि पहिल्या लोंढ्याचा ठसा पुसट होतो.

आता घाण किती, ते. सगळ्यांच्या मनात पहिली गोष्ट येते ती कोरड्या दिवसांची: सहा महिने पाऊस नाही, म्हणजे सहा महिन्यांची घाण साठली. तसं होत नाही. पाऊस थांबल्यावर पहिले काही दिवस धूळ झपाट्याने साठते, मग वेग मंदावतो, कारण चाकं आणि वारा जेवढी नवी धूळ आणतात तेवढीच जुनी कडेला, कुंपणावर, झाडांवर भिरकावतात. त्यामुळे नुसते कोरडे दिवस मोजून फार काही हाती लागत नाही. पावसाचा जोर जास्त सांगून जातो. रिमझिम धुळीला ओलं करून तिथेच बसवते. टपोऱ्या थेंबाचा मार डांबराच्या खाचांतली धूळ उखडून काढतो, आणि पाण्याला वेग असला की ती उचलून नेतो.

तुमचं ते काजळ मात्र या सगळ्याच्या मुळाशी आहे. १९७२ साली अमेरिकेत सार्टर आणि बॉइड यांनी रस्त्यांवरची धूळ गोळा करून चाळली. ४३ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक भाग वजनाने जेमतेम ६ टक्के होता, पण निम्म्याहून जास्त जड धातू त्या भागात होते. आणि झाडू मारल्यावर मागे राहतो तो नेमका हाच भाग. झाडलेला रस्ता डोळ्यांना स्वच्छ दिसतो, पण मिरगाच्या पाण्याला जे हवं असतं ते तिथेच असतं.

---

पान्हा_१२_१३
९ जून, सकाळी ७:५०

म्हापशात माझं दुचाकी-चारचाकीचं गॅरेज आहे, वीस वर्षं झाली. ते काजळ मी रोज बघतो. चाक उघडलं की ड्रमच्या आत बोटभर थर असतो, बाईंनी लिहिलाय तस्साच मऊ. ब्रेक लायनर झिजतो त्याची ती भुकटी. पूर्वी हवेचा पाईप मारून उडवायचो, आता ओल्या फडक्याने पुसतो.

कुठे जास्त पडते तेही सांगतो. सरळ रस्त्यावर कमी. उतार, सर्कल, सिग्नल, बसस्टँडचं वळण, म्हणजे जिथे ब्रेक दाबला जातो तिथे जास्त. आल्तिनोच्या टेकडीवरून मळ्यात उतरणारे रस्ते डोळ्यांसमोर आणा. टायरही तिथेच घासतो. चाक बॅलन्स करायला लावतात ती शिशाची वजनं निसटून रस्त्याकडेला पडतात आणि गाड्यांखाली चिरडली जातात, ती कुणी मोजत नाही.

आणि आमचा धंदाही यात आहे. पहिली बारा वर्षं माझ्या वॉशिंग रॅम्पचं पाणी थेट समोरच्या गटारात जायचं. डिझेल, ग्रीस, साबण, सगळं. कुणी अडवलं नाही, मलाही कधी खटकलं नाही. मग शेजारच्या विहिरीवर तेलाची चकती दिसली आणि त्या घरातल्या आजी काही न बोलता कळशी रिकामीच घेऊन परत गेल्या. त्या महिन्यात गवंडी बोलावून तीन कप्प्यांची टाकी बांधली. पहिल्यात माती बसते. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाणाऱ्या पाईपला खाली वाकवलेला एल्बो आहे, त्यामुळे पाणी तळातून जातं आणि तेल वर अडकून राहतं. दर शनिवारी डब्याने काढतो आणि जळक्या ऑइलच्या बॅरलमध्ये टाकतो. बॅरल नेणारा ठरलेला आहे. खर्च एका साध्या बाईकच्या इंजिनकामाहून जास्त आला नाही.

---

डिचोलीकर
९ जून, सकाळी १०:२०

आमच्याकडे रस्ता म्हणजे लाल, हे गणित लहानपणापासूनचं. २०१२ साली खाणी थांबल्या त्याआधी खनिजाचे ट्रक एकामागोमाग एक जायचे, आणि पहिल्या पावसात गटारातून अक्षरशः कुंकू वाहायचं. शेतात तो गाळ बसून बांध कडक व्हायचे.

त्यामुळे एक सवय लागलीय: लाल पाणी दिसलं की ओरडायचं आणि काळं दिसलं की गप्प राहायचं, कारण शहरातलं गटार काळंच असणार असं मनात पक्कं बसलंय. लाल गाळ नुकसान करतोच. प्रकाश अडवतो, माशांच्या कल्ल्यांत बसतो, खाडी उथळ करतो. पण तो मुख्यतः लोखंडाची आणि जांभ्याची माती आहे. बाईंच्या तिसऱ्या बाटलीत तांबं, जस्त, शिसं, तेल असणार. पाचवी-सहावी तांबूस आहे ती मला डोंगरावरची उघडी माती वाटते. वर कुठे डोंगरकापणी चालू आहे का?

---

मळ्याची_मास्तरीण
९ जून, दुपारी २:०५

हो, वर एका ठिकाणी डोंगर कापलाय. लाल भिंत रस्त्यावरून दिसते.

आणि एक सांगायचं राहिलं, ते मला लागून राहिलंय. मिरगाच्या आधी गटारं उपसली. चांगलं झालं. पण उपसलेला गाळ गटाराच्याच काठावर ढीग करून ठेवला, "सुकला की नेतो" म्हणाले. पाच दिवस तो तिथेच होता. फोन केले, लेखी दिलं. सातव्या तारखेला पाऊस आला आणि अर्धा ढीग जिथून काढला होता तिथेच परत गेला. माझ्या तिसऱ्या बाटलीत त्याचा वाटा किती आणि रस्त्याचा किती, हे मला वेगळं करता येत नाही.

---

मांडवीतीर
९ जून, दुपारी ४:३०

सगळं वाचलं, कळकळ पोचली. तरी एक शंका प्रामाणिकपणे विचारतो. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलैत मांडवी दुथडी असते. त्या पाण्यापुढे एका गटाराचं काजळ किती? सगळं समुद्रात जाऊन विरत नाही का?

---

मानसराखण
९ जून, सायंकाळी ६:४५

भाऊ, विरत नाही. आमच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) मानशीची, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराची, राखण आहे, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

गोडं पाणी आणि खारं पाणी भेटतं तिथे गढूळ पाणी फाटतं, दुधात लिंबू पिळल्यासारखं. बारीक चिखल गोड्या पाण्यात दिवसभर तरंगत राहील, पण खाऱ्याचा हात लागला की कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि खाली बसतात. आमच्या मानशीच्या पोयीत (दारामागच्या तळीत) दरवर्षी बसतो तो हाच चिखल. पणजीची खाडीही खारीच. शहराचं काजळ समुद्रापर्यंत पोचायच्या आधी खाडीच्या तळाशी बसतं. तिथे कुर्ल्या (खेकडे) आहेत, तिसऱ्या (शिंपल्या) आहेत. तिसरी चिखलात बसून पाणी गाळून खाते. तिला जुलैच्या पुराची वाट बघता येत नाही.

दुसरी गोष्ट भरतीची. भरती चढली की गटाराचं तोंड पाण्याखाली जातं आणि शहराचं पाणी आत तुंबतं. पाऊस भरतीला आला तर घाण रस्त्यावर पसरते, ओहोटीला आला तर एका झटक्यात खाडीत उतरते. बाई, त्या दिवशी भरती होती की ओहोटी, ते बाटलीवर लिहून ठेवा.

---

जलरेषा
९ जून, रात्री १०:००

मानसराखण, तुमचं ते दुधात लिंबाचं वाक्य मी माझ्या कनिष्ठ सहकाऱ्यांना वाचून दाखवणार आहे.

मांडवीतीर, तुमचा प्रश्न रास्त आहे, फक्त त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्यात. एक, पाणी किती दाट घाण आहे. दोन, मोसमभरात एकूण किती घाण गेली. जुलै-ऑगस्टचं पाणी पातळ असतं, पण इतकं असतं की एकूण वजनात त्याचा वाटा मोठा होऊ शकतो. जूनच्या पहिल्या पावसाचं पाणी थोडं पण दाट, आणि नेमकी तेव्हा नदी अजून भरलेली नसते. शिंपल्या खाणाऱ्या माणसाला एकूण वजन महत्त्वाचं, त्या दिवशी खाडीत असलेल्या माशाला दाटपणा.

अमेरिकेत १९७८ ते १९८३ या काळात सरकारने २८ ठिकाणी शहरी पावसाच्या पाण्याचा मोठा अभ्यास केला. शिसं, तांबं आणि जस्त हे तीन धातू जवळजवळ सगळीकडे सापडले. आणखी एक गोष्ट निघाली: वस्ती राहती आहे की बाजाराची, यावरून पाण्याच्या दाटपणात अपेक्षेइतका ठळक फरक दिसला नाही. फरक पडतो तो किती जमीन झाकलेली आहे आणि ती गटाराला थेट जोडलेली आहे का, यामुळे, कारण त्यावर पाणी किती वाहणार ते ठरतं. शिशाचं पुढे बरं झालं. पेट्रोलमधून ते निघालं तसं पाण्यातलंही उतरलं. आपल्याकडे शिसंविरहित पेट्रोल देशभर २००० साली आलं. जस्त मात्र तसंच आहे, टायरमधून आणि पत्र्यांमधून येणारं. गोव्यात आता गच्चीगच्चीवर गळतीसाठी पत्रे चढलेत. १०० चौरस मीटर पत्र्यावर ३००० मिलिमीटर पाऊस म्हणजे मोसमाला ३ लाख लिटर पाणी, आणि त्याचा पाईप बहुतेक घरांत सरळ गटारात सोडलेला असतो. तोच पाईप माडाच्या आळ्यात सोडला तर जस्त मातीला धरून राहतं आणि विहिरीला पाणी मिळतं.

गोव्याला हे कुणी शिकवायला नको. जांभ्याचा सडा (सपाट कातळमाथा) पाणी पितो आणि पायथ्याला झर देतो. आल्तिनोच्या पायथ्याशी मळ्यातली झर आणि बोक द व्हाक, दोन्ही त्यातलेच. आपण वर काँक्रीट ओतलं आणि खाली सिमेंटचं गटार बांधलं. पूर्वीची चिऱ्यांची गटारं सांध्यांतून थोडं पाणी जमिनीला देत असत.

---

साळकाठची
१० जून, सकाळी ८:१०

मडगावहून. आमच्या साळ नदीचं नाव घेतलं की लोक मान खाली घालतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत खारेबांध ते मोबोर हा पट्टा आहे.

मला मात्र चढणीच्या माशांबद्दल बोलायचंय. आजोबा मिरगाच्या पहिल्या पुराला रात्री बत्ती घेऊन जायचे. शेतातून, वहाळातून मासे उलटे चढायचे, अंडी घालायला. मला पाठीवर घेऊन दाखवायला न्यायचे. "आज धरायचे नाहीत, आज ते माहेरपणाला आलेत," म्हणायचे. पहिला पूर आला की मासा चढतो आणि पहिल्याच पुरात शहराचं सगळं काजळ उतरतं, म्हणजे दोघांची गाठ वाटेतच पडते. हे कुणाच्या लक्षात आलंय का?

---

जलरेषा
१० जून, दुपारी १२:५०

ताई, अगदी हीच गोष्ट जगात एका ठिकाणी उलगडली आहे. अमेरिकेच्या वायव्येला वॉशिंग्टन राज्यात कोहो नावाचा सामन मासा समुद्रातून ओढ्यांत चढतो. शहराजवळच्या ओढ्यांत, पाऊस पडला की हे मासे अंडी घालायच्या आधीच काही तासांत मरायचे. वर्षानुवर्षं कारण सापडत नव्हतं. शेवटी २०२० साली तिथल्या संशोधकांनी ते शोधलं: टायर लवकर चिरू नये म्हणून रबरात ६-पीपीडी नावाचं रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याचा संयोग होऊन दुसरंच विषारी द्रव्य तयार होतं आणि ते पावसाबरोबर ओढ्यात उतरतं. त्याच ओढ्यातला चम जातीचा सामन मात्र त्याने मरत नाही. जातीजातीत इतका फरक.

तांब्याबाबतही तिकडे पावलं उचलली गेली. कॅलिफोर्नियाने २०१० साली कायदा केला आणि २०२५ पासून ब्रेक पॅडमधलं तांबं ०.५ टक्क्यांवर आणलं. जिथे घाण तयार होते तिथेच ती कमी करणं हा सर्वांत खात्रीचा उपाय. एकदा ती ४३ मायक्रॉनची होऊन रस्त्यावर पसरली की गोळा करणं फार कठीण.

---

कुळागरी
१० जून, दुपारी ३:१५

फोंड्याकडून एक छोटी भर. तांबं फक्त ब्रेकचं नाही. पोफळीच्या कोळेरोगासाठी मिरगाच्या तोंडावर आम्ही मोरचूद-चुन्याची फवारणी करतो. मोरचूद म्हणजे तांबंच. फवारल्यावर ते सुकायला उघडीप मिळाली नाही तर सगळं पाटात उतरतं, आणि पाट पुढे वस्तीच्या गटारालाच मिळतो. यंदा मी ढग बघून चार दिवस थांबलो.

---

चिरेखण
१० जून, रात्री ९:३०

मी पर्वरीत साइट सुपरवायझर आहे. चौथी बाटली आमच्या धंद्यातली असावी, म्हणून लिहितो.

स्लॅब पडला की मिक्सर, घमेली, व्हायब्रेटर, सगळं तिथल्या तिथे धुतात. ते पाणी दुधी असतं आणि चुन्याइतकं जहाल, त्याचा पीएच १२ च्या आसपास जातो. मजुरांच्या पायांना त्यानेच चिरा पडतात. साबणाच्या पाण्यानेही हळद लाल होईल, म्हणून खात्री करून घ्या. थोडं पाणी बशीत सुकू द्या. पांढरी खपली उरली तर तिच्यावर लिंबाचे दोन थेंब टाका. फसफसली तर सिमेंट. आणि बाटली हलवून फेस टिकतो का बघा, टिकला तर साबण.

धुण्यासाठी खड्डा करायला अर्धा दिवस लागतो. प्लास्टिक अंथरायचं, पाणी सुकलं की तळाची ढेप भरावात जाते. कापलेल्या भिंतीच्या पायथ्याला गोणपाटाचा आडोसा आणि छोटा चर केला तर लाल मातीही बरीच अडते. पावसाआधी दोन्ही करावं लागतं. पाऊस सुरू झाल्यावर कुणाला फुरसत नसते, हे मी माझ्याच साइटवर पाहिलंय.

---

मळ्याची_मास्तरीण
१३ जून, सायंकाळी ७:२०

मंडळी, तीन दिवस आले नाही कारण कामच चाललं होतं.

खपली फसफसली. सातवीच्या अकरा मुलांच्या देखत. फेस मात्र टिकला नाही. मग दोन मुलांचे पालक आणि मी वरच्या बांधकामावर गेलो, बाटली घेऊनच. तिथले मुकादम कानडी मुलखातले. बाटली हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. "हे आमचं?" म्हणाले. काल त्यांनी खड्डा खणला.

काठावरचा उरलेला गाळ आम्ही स्वतः उचलला. नऊ गोणी भरल्या. न्यायला मात्र कुणी तयार नाही. एका ओळखीच्यांनी शेतात टाकायला मागितला, चांगलं खत म्हणून.

---

मानसराखण
१३ जून, सायंकाळी ७:५५

बाई, हात जोडून सांगतो, तो शेतात देऊ नका. रंग काळा आहे म्हणून खत वाटतं.

---

मळ्याची_मास्तरीण
१४ जून, रात्री ८:३०

नाही दिला. गोणी आमच्या पडवीत ताडपत्रीखाली आहेत, आणि पुन्हा लेखी अर्ज दिलाय.

आज पहाटे ओहोटीला चांगली सर आली. भरतीचं कोष्टक बघून बाटलीवर वेळ लिहिली. दहा मिनिटांच्या अंतराने पुन्हा सहा भरल्या. हळद सहाही बाटल्यांत पिवळीच राहिली. तिसरी बाटली अजूनही काळीच, पण गाळ बोटभर. आठवडाभर अधूनमधून पाऊस चालू आहे, त्यामुळे श्रेय कशाला द्यायचं ते मला ठरवता येत नाही. तेलाचा पापुद्रा तसाच आहे.

पान्हा बाब, तुमच्या टाकीचा, विशेषतः त्या खाली वाकवलेल्या एल्बोचा फोटो टाकाल का? आमच्या गल्लीच्या वरच्या टोकाला एक गॅरेज आहे. मालकाशी मी बोलले. चिडला नाही. करून दाखवणारा कुणी असेल तर करू, म्हणाला.

---

पान्हा_१२_१३
१४ जून, रात्री ९:०५

फोटोवरून कळणार नाही, पाण्याखाली असतो तो. रविवारी गॅरेज बंद असतं. सकाळी दहाला मळ्यात येतो, गवंड्याला घेऊन. त्या मालकाला सांगा, टाकीसाठी रॅम्पच्या खालच्या बाजूची चार फूट जागा मोकळी करून ठेव.